चार रौप्यं आणि एक सुवर्ण: कॅथरीन ग्रेंजरच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ. सलग पाच ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी पहिली ब्रिटिश महिला म्हणजे नौकानयनपटू कॅथरीन ग्रेंजर. पाचांपैकी चार पदकं रौप्य, एक सुवर्ण. नोंदवहीत तिची कारकीर्द एवढ्या दोन ओळींत मावते. पण ही चार रौप्यपदकं एकाच मापाने मोजली, तर तिच्या कारकिर्दीतलं महत्त्वाचं सगळं हातातून निसटतं. सिडनीचं रौप्य म्हणजे ब्रिटनच्या महिला नौकानयनाने उघडलेलं खातं होतं. बीजिंगचं रौप्य घेताना तिच्या नावेतल्या चौघींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आणि रिओत ती पदकाच्या जवळपास फिरकेल असं त्या वर्षीच्या वसंतात फारसं कुणाला वाटत नव्हतं. रंग एकच, मग मोल इतकं वेगळं का? याचं उत्तर तिच्या आधीच्या काळात आहे.

वल्हवणं हा इंग्लंडचा मानाचा खेळ. थेम्स नदीवरची हेन्ली रेगाटा, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतींचा मेळा, १८३९ पासून भरते. पण त्या रेगाटात महिलांसाठी कायमची शर्यत सुरू व्हायला १९९३ साल उजाडलं. ऑलिंपिकमध्ये पुरुष १९०० पासून वल्हवत होते; महिलांना १९७६ मध्ये माँट्रियलला प्रवेश मिळाला, तोही अर्ध्या अंतरापुरता. पुरुषांना २००० मीटर, महिलांना १००० मीटर. बायकांना दोन हजार झेपणार नाहीत, असा तेव्हाचा समज. तो समज मोडून १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून अंतर सारखं झालं. या साऱ्या काळात पूर्व जर्मनी, रुमानिया आणि सोव्हिएत संघ यांच्या नावा पुढे असत, ब्रिटनच्या बायका मागे कुठेतरी. ज्या देशाने हा खेळ जगाला शिकवला, त्या देशाच्या एकाही महिलेकडे विसावं शतक संपत येईपर्यंत ऑलिंपिकचं नौकानयनातलं पदक नव्हतं. ही गोष्ट मला आजही खटकते.

ग्रेंजरचा जन्म १९७५ चा, ग्लासगोचा. शाळेत तिने कराटेत ब्लॅक बेल्ट मिळवला होता, पण वल्ह्याला हात लावलेला नव्हता. कायद्याच्या पदवीसाठी ती १९९३ मध्ये एडिंबरा विद्यापीठात गेली आणि तिथल्या बोट क्लबात दाखल झाली. हा क्लब शहराच्या कडेने जाणाऱ्या युनियन कालव्यावर सराव करतो. जुन्या मालवाहतुकीसाठी खोदलेला हा अरुंद कालवा. नाव वळवायची तरी जागा शोधावी लागते. ऑलिंपिकच्या सहा रुंद लेनशी त्याचा काही संबंध नाही. वल्हवायला लहानपणीच सुरुवात करावी लागते असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिने अठराव्या वर्षी, पूर्ण नवखी म्हणून सुरुवात केली. चार वर्षांत, १९९७ मध्ये, ती आठ जणींच्या नावेतून जागतिक स्पर्धेचं कांस्यपदक घेऊन आली.

ही चार वर्षं ब्रिटिश खेळांच्या दृष्टीनेही निर्णायक होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सगळ्या खेळांत मिळून एकच सुवर्ण मिळालं, आणि तेही नौकानयनात: स्टीव्ह रेडग्रेव्ह आणि मॅथ्यू पिन्सेंट यांच्या जोडीचं. देशभर नामुष्कीची चर्चा झाली. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा अव्वल खेळाडूंकडे वळवला गेला आणि तो वाटायला 'यूके स्पोर्ट' ही संस्था उभी राहिली. नोकरी सांभाळून पहाटे-संध्याकाळी वल्हवणाऱ्या बायकांना आता पूर्णवेळ सराव करता येऊ लागला. ग्रेंजर राष्ट्रीय संघात आली ती नेमकी या वळणावर. तिच्या आधीच्या पिढीत गुणवत्ता कमी नव्हती, हाताशी पैसा आणि वेळ नव्हता.

पुढचं समजायला खेळाचे दोन प्रकार माहीत हवेत. स्कलिंगमध्ये प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही असतात, तर स्वीपमध्ये प्रत्येकीकडे एकच मोठं वल्हं. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेची रेगाटा पाहिलेल्यांना या लांबट, अरुंद नावा परक्या नाहीत. दोघींची डबल स्कल्सची नाव जेमतेम २७ किलोची असते. वल्हवणारीची पाठ शर्यतीच्या दिशेला, तोंड मागे. म्हणजे आघाडीवर असलं की मागचे सगळे दिसतात आणि पिछाडीवर असलं की कुणीच दिसत नाही. बैठक रुळांवर सरकते आणि खरी ताकद हातांपेक्षा पायांतून येते: गुडघे छातीशी, वल्ह्याची पाती पाण्यात, मग पायांचा रेटा, पाठीची ओढ आणि सगळ्यांत शेवटी हात. पाती पाण्यात शिरण्याची वेळ दोघींत जराशी चुकली तरी नाव हेलकावते आणि वेग मरतो. म्हणून इथे दोन ताकदवान खेळाडू एकत्र बसवले की झालं, असं कधीच नसतं. जोडी जमावी लागते.

सिडनीत २००० साली ग्रेंजर क्वाड्रुपल स्कल्समध्ये, म्हणजे चौघींच्या नावेत होती. सोबत मिरियम आणि ग्विन बॅटन या सख्ख्या बहिणी आणि जिलियन लिंडसे. मिरियम आणि लिंडसे यांनी १९९८ मध्ये डबल स्कल्सचं जागतिक विजेतेपद मिळवलेलं, त्यामुळे नावेत अनुभव होता. ग्रेंजर त्यांच्यात धाकटी. जर्मनी पहिली आली. त्यांच्या मागे ब्रिटन आणि रशिया जवळजवळ एकाच क्षणी रेषेवर पोहोचल्या. नाव थांबलेली, फुप्फुसं फाटायची वेळ आलेली, आणि दुसरं कोण हे कुणालाच ठाऊक नाही. छायाचित्र तपासून निकाल द्यावा लागला आणि तो सेकंदाच्या बारीकशा अंशाने ब्रिटनच्या बाजूने लागला. ऑलिंपिक नौकानयनात ब्रिटिश महिलांचं हे पहिलंच पदक. त्या दिवशी रौप्यात हरल्याचा भाव औषधालाही नव्हता.

पुढच्या चार वर्षांत तिने दोन वल्ही सोडून एक वल्हं हातात घेतलं. कॅथ बिशपबरोबर पेअरमध्ये, म्हणजे एकेक वल्हं घेतलेल्या दोघींच्या नावेत, २००३ चं जागतिक विजेतेपद मिळालं, ते मिलानला. २००४ च्या अथेन्समध्ये रुमानियाच्या जॉर्जेटा दामियान आणि व्हियोरिका सुसानू पुढे होत्या, ग्रेंजर-बिशप दुसऱ्या. त्या काळातल्या रुमानियन जोडीच्या मागे राहण्यात कमीपणा नव्हता. पण एका खेळाडूला स्कलिंग आणि स्वीप या दोन्ही प्रकारांत ऑलिंपिक पदक मिळणं किती अवघड आहे, याची दखल तेव्हा पुरेशी घेतली गेली नाही असं मला वाटतं.

मग ती पुन्हा चौघींच्या नावेत आली, आणि इथून रौप्याचा अर्थ बदलायला लागला. २००५ मध्ये जपानमधल्या गिफूला जागतिक सुवर्ण. २००६ ची जागतिक स्पर्धा घरच्या पाण्यावर, ईटनला. तिथे रशियाची नाव पुढे गेली आणि ब्रिटनच्या चौघी दुसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. नंतर रशियन नावेतली एक खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी ठरली आणि सुवर्ण ब्रिटनकडे आलं. पदक मिळालं, पण घरच्या प्रेक्षकांसमोर पहिल्या पायरीवर उभं राहण्याचा क्षण कुणी परत देऊ शकत नाही. उत्तेजकांबद्दल बोलताना आपण पदकांची यादी दुरुस्त करून थांबतो. गेलेल्या त्या क्षणाचा हिशेब कुठल्याच यादीत येत नाही. २००७ मध्ये म्युनिकला तिसरं विजेतेपद. बीजिंगला ही नाव निघाली तेव्हा सुवर्ण जवळजवळ गृहीत धरलं गेलं होतं.

१७ ऑगस्ट २००८. ग्रेंजर, डेबी फ्लड, फ्रान्सिस हॉटन आणि अॅनी व्हर्नन यांची नाव शर्यतीचा मोठा भाग आघाडीवर होती. शेवटच्या टप्प्यात चीनच्या नावेने वेग वाढवला आणि ती पुढे निसटली. ग्रेंजरचं हे लागोपाठ तिसरं रौप्य. सिडनीत ज्या रंगाने आनंदाश्रू आणले होते त्याच रंगाने इथे चौघींना रडवलं. मधल्या आठ वर्षांत अपेक्षा कुठल्या कुठे गेली होती, आणि ती इतकी वर नेण्यात सगळ्यांत मोठा वाटा ग्रेंजरचाच होता. यशाने वाढवलेल्या अपेक्षेचा भार यश मिळवणारीच्याच खांद्यावर पडला.

ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. कायद्याची पदवी, वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्रातली पुढची पदवी हातात, शिवाय लंडनच्या किंग्ज कॉलेजात मनुष्यवधाच्या शिक्षांवर पीएचडीचं काम सुरू. खेळ सोडायला सन्मानाचं निमित्त होतं. ती थांबली नाही. २००९ मध्ये एकटीच्या नावेत, सिंगल स्कल्समध्ये, जागतिक रौप्य मिळवलं. पुढे होती बेलारूसची येकातेरिना कार्स्टेन. २०१० मध्ये प्रशिक्षक पॉल थॉम्पसन यांच्या हाताखाली तिची आणि अॅना वॉटकिन्सची जोडी जमली.

जोडी जमणं म्हणजे काय, हे पाहायचं तर या दोघींकडे पाहावं. २०१० आणि २०११ अशी दोन जागतिक विजेतेपदं आणि लंडन ऑलिंपिकची अंतिम शर्यत धरून लागोपाठ २३ शर्यतींत त्या अजिंक्य राहिल्या. लंडनच्या प्राथमिक फेरीत ६ मिनिटं ४४.३३ सेकंद ही नवी ऑलिंपिक सर्वोत्तम वेळ नोंदवली. ३ ऑगस्ट २०१२ ला ईटन डॉर्नीवर, म्हणजे २००६ मध्ये दुसऱ्या पायरीवर उभं राहावं लागलं होतं त्याच पाण्यावर, अंतिम शर्यत झाली. ऑस्ट्रेलियाच्या किम क्रो आणि ब्रूक प्रॅटली यांना त्यांनी जवळजवळ तीन सेकंदांनी मागे टाकलं. नौकानयनात तीन सेकंद म्हणजे नजरेत भरणारं पाणी मध्ये असतं.

एक तपशील इथे प्रामाणिकपणे सांगायला हवा. ब्रिटिश महिला नौकानयनाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण ग्रेंजरचं नव्हे. ते दोनच दिवस आधी हेलन ग्लोव्हर आणि हेदर स्टॅनिंग यांनी पेअरमध्ये मिळवलं होतं. ग्लोव्हर तर चार-पाच वर्षांपूर्वी वल्हवायला लागलेली, उंच तरुण-तरुणींमधून खेळाडू शोधण्याच्या सरकारी मोहिमेतून आलेली. ग्रेंजरच्या पिढीने वीस वर्षं झिजून जी व्यवस्था उभी केली, तिच्यातून नव्या मुली चार वर्षांत सुवर्णापर्यंत पोहोचू लागल्या होत्या. मला वाटतं, तिच्या कारकिर्दीचं माप घेताना स्वतःच्या पदकाइतकंच हेही मोजावं.

२०१३ मध्ये पीएचडी पूर्ण झाली आणि बहुतेकांनी ती निवृत्त झाली असंच धरलं. दोन वर्षांच्या खंडानंतर २०१४ मध्ये ती परतली, यावेळी व्हिकी थॉर्नलीसोबत. सूर लवकर जुळेना. २०१६ च्या वसंतात ही जोडी फोडली गेली, दोघींना आठ जणींच्या नावेसाठी आजमावलं गेलं आणि तिथेही जागा मिळाली नाही. मग पुन्हा डबल स्कल्स, आणि ऑलिंपिक दाराशी. रिओच्या लागोआ सरोवरात चाळीस वर्षांची ग्रेंजर आणि थॉर्नली अंतिम शर्यतीत बराच वेळ पुढे होत्या. पोलंडच्या जोडीने अखेरच्या भागात त्यांना गाठलं. बीजिंगसारखाच शर्यतीचा शेवट, पण यावेळी रेषेपलीकडे दोघींच्या चेहऱ्यावर हसू होतं. ज्या आठ जणींच्या नावेत त्यांना जागा मिळाली नव्हती, तिनेही दोन दिवसांनी रौप्यच मिळवलं.

त्याच सरोवरात, त्याच आठवड्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सिंगल स्कल्समध्ये वल्हवत होता आणि तेरावा आला. सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात वल्हं हाती धरलेला हा मुलगा दुष्काळी भागातून आलेला. कालव्यावर शिकलेली ग्रेंजर आणि सैन्यात शिकलेला दत्तू, दोघांनाही हा खेळ वयात आल्यावर भेटला. फरक एवढाच की तिच्या मागे वीस वर्षं सातत्याने पैसा, प्रशिक्षक आणि सोबतीला तोडीस तोड खेळाडू होते.

२०१७ मध्ये ग्रेंजरला 'डेम' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ती यूके स्पोर्टची अध्यक्ष झाली. जी संस्था तिच्या सरावाचा खर्च उचलत होती, तिचीच सूत्रं तेव्हा तिच्या हाती आली. काम सोपं नव्हतं. पदकाची शक्यता असलेल्या खेळांनाच पैसा, या कठोर धोरणाने ब्रिटनची पदकं वाढवली, पण बास्केटबॉलसारखे खेळ वाऱ्यावर राहिले. त्याच सुमारास सायकलिंग आणि जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीच्या तक्रारी बाहेर आल्या; जिम्नॅस्टिक्सची स्वतंत्र चौकशी यूके स्पोर्टने स्पोर्ट इंग्लंडसोबत नेमली आणि तिचा अहवाल २०२२ मध्ये आला. नौकानयनाचे दिवसही फिरले: टोकियोत ब्रिटनला या खेळात एकही सुवर्ण मिळालं नाही. २०२४ च्या पॅरिसमध्ये मात्र महिलांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये, ज्या प्रकारात ग्रेंजरला दोनदा रौप्यावर थांबावं लागलं होतं, लॉरेन हेन्री, हॅना स्कॉट, लोला अँडरसन आणि जॉर्जी ब्रेशॉ यांनी नेदरलँड्सला ०.१५ सेकंदाने मागे टाकून ब्रिटनचं या प्रकारातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १९०५ पासून चालत आलेल्या ब्रिटिश ऑलिंपिक असोसिएशनने अध्यक्षपदी पहिल्यांदा एका महिलेची निवड केली, आणि ती महिला होती कॅथरीन ग्रेंजर.