सुगम्यतेचा हिशेब: डिजिटल सोयी धंद्याच्या वहीत कशा आल्या

सिडनी ऑलिम्पिकला वर्ष उरले होते, तेव्हा ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध गृहस्थांनी स्पर्धेची अधिकृत वेबसाइट वाचायचा प्रयत्न केला. ते ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारे साधन, वापरत. साइटवरच्या चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारी ओळ, नव्हता, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जायला वाट सापडत नव्हती आणि निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. जून 1999 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजकांचे उत्तर खर्चाचे होते: दुरुस्तीला दिवसाचे आठ तास धरून 368 दिवस आणि जवळपास 22 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील. तक्रारदाराच्या बाजूने आलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की काम काही आठवड्यांचे आहे. ऑगस्ट 2000 मध्ये आयोगाने आयोजकांचा हिशेब फेटाळला आणि स्पर्धा सुरू होण्याच्या आत साइट दुरुस्त करायला सांगितले. ती पुरती दुरुस्त झाली नाही, म्हणून 20,000 डॉलरची भरपाई द्यावी लागली.

या प्रकरणाचा उल्लेख वेबविषयक कायद्याच्या इतिहासात नेहमी येतो. मला ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. सुगम्यतेचा खर्च नेमका किती, यावर दोन्ही बाजूंनी आकडे घेऊन भर सुनावणीत वाद झाला तो इथे. पण तो सगळा वाद खर्चाचा होता. दिव्यांगांना वापरता येईल अशी साइट बांधल्याने धंद्याला काय मिळते, हा प्रश्न अजून रांगेत मागेच उभा होता. तो पुढे कसा आला, हे समजायला संगणकाच्याही आधी जावे लागते.

इटलीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलेग्रिनो तुरी यांनी एका अंध काउंटेससाठी अक्षरे उमटवणारे यंत्र बनवले. त्यावर टंकलेली 1808 ची पत्रे आजही शिल्लक आहेत, आणि टाइपरायटरच्या इतिहासात हे यंत्र अगदी सुरुवातीच्या यंत्रांत मोजले जाते. टेलिफोनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी दोघींना ऐकू येत नसे, आणि बेल स्वतः कर्णबधिरांना शिकवत. तरी 1876 मध्ये त्यांनी पेटंट घेतलेले यंत्र पुढची कित्येक दशके कर्णबधिरांच्या काहीच कामाचे नव्हते. ही कोंडी 1964 मध्ये फोडली रॉबर्ट वाइटब्रेख्ट यांनी. ते स्वतः कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञ होते. टेलिप्रिंटरवर टंकलेली अक्षरे ध्वनीत बदलून फोनच्या रिसीव्हरमधून पाठवायची युक्ती त्यांनी बसवली. रिसीव्हर ज्या खोबणीत ठेवायचा, त्या ‘अकूस्टिक कपलर’ने पुढे संगणकही फोनच्या तारेला जोडले जाऊ लागले.

तिसरे उदाहरण तर सरळ बाजारातले आहे. रे कर्झवाइल यांनी 1976 मध्ये अंधांसाठी वाचनयंत्र सादर केले. छापील पान वाचून दाखवायचे तर तीन गोष्टी एकत्र लागत होत्या: पान टिपणारा सपाट स्कॅनर, कुठल्याही टाइपातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर आणि मजकूर बोलून दाखवणारा आवाज. कागदपत्रे स्कॅन करून त्यातला मजकूर शोधायचे काम आज जगभरच्या कचेऱ्यांत चालते. ते करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या तंत्राला आकार आला तो अंध वाचकाची अडचण समोर ठेवून? कर्झवाइल यांची कंपनी 1980 मध्ये झेरॉक्सने घेतली. कागद आणि छपाईत मुरलेल्या कंपनीला त्यात धंदा दिसला.

कॅप्शनची कहाणी मात्र मला सगळ्यांत बोलकी वाटते. अमेरिकेत 1972 मध्ये एका पाककृतींच्या कार्यक्रमावर पहिल्यांदा कॅप्शन, म्हणजे बोललेल्या मजकुराच्या ओळी, झळकल्या. मार्च 1980 पासून ‘क्लोज्ड कॅप्शन’ची नियमित सेवा सुरू झाली. त्यासाठी प्रेक्षकाला टीव्हीला जोडायची वेगळी पेटी विकत घ्यावी लागे, आणि ती पेटी फारशी खपली नाही. जी वस्तू फक्त ‘त्यांच्यासाठी’ म्हणून वेगळी विकली जाते ती महाग राहते, थोड्यांच्याच हाती पडते, आणि थोड्यांच्याच हाती पडते म्हणून महागच राहते. हे चक्र 1990 च्या एका कायद्याने मोडले. जुलै 1993 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या 13 इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत कॅप्शन वाचणारी चिप बसवणे सक्तीचे झाले. चिप सरसकट सगळ्या संचांत बसू लागल्यावर तिचा दरडोई खर्च नगण्य झाला. मग व्यायामशाळांत, विमानतळांवर, बाळ झोपलेल्या घरांत, नवी भाषा शिकणाऱ्यांच्या खोल्यांत कॅप्शन दिसू लागली. ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेने 2006 मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे सबटायटल्स वापरणारे 75 लाख लोक निघाले. त्यांतल्या सुमारे 60 लाखांना ऐकण्याची कसलीही अडचण नव्हती.

हा आकडा पुढे अनेक सभांत, सादरीकरणांत फिरला, आणि योग्यच झाले. पण त्यातला क्रम विसरून चालणार नाही. आधी कर्णबधिरांची मागणी, मग कायदा, आणि शेवटी बाजार. साठ लाख जादा प्रेक्षक मिळतील अशा अंदाजाने कोणी चिप बसवली नव्हती.

संगणकाच्या पडद्याबाबतही असाच क्रम दिसतो. डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या काळात पडद्यावर फक्त अक्षरे असत, त्यामुळे ती बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर तयार करणे तुलनेने सोपे होते. जिम थॅचर यांनी आयबीएममध्ये 1980 च्या दशकाच्या मध्यास असा एक प्रोग्राम लिहिला. अपघातात दृष्टी गेलेले टेड हेंटर यांचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर 1989 मध्ये आला. पुढे खिडक्या, चिन्हे आणि माउस आले, आणि अंध कर्मचाऱ्यांच्या हातातली कामे निसटू लागली. नेमक्या याच टप्प्यावर सरकारने गिऱ्हाईक म्हणून आपले वजन वापरले. अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यातले कलम 508 मुळात 1986 चे. 1998 च्या दुरुस्तीने त्याला दात आले आणि जून 2001 पासून केंद्र सरकारच्या खात्यांना सुगम्य नसलेली यंत्रणा विकत घेणे अवघड झाले. उत्पादन किती सुगम्य आहे हे जाहीर करणारा ‘व्हीपॅट’ नावाचा तक्ता तेव्हापासून विक्रेत्यांच्या फाइलीत आला. मोठे कंत्राट हातचे जाऊ नये, हा सुगम्यतेचा पहिला खणखणीत व्यापारी फायदा म्हणायला हरकत नाही.

दरम्यान वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 1997 मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि मे 1999 मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डिसेंबर 2008 च्या दुसऱ्या आवृत्तीने ती चार सूत्रांत बांधली: मजकूर जाणवला पाहिजे, साइट चालवता आली पाहिजे, समजली पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकली पाहिजे. 2012 मध्ये हीच आवृत्ती आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाली.

आता धंद्याच्या वहीकडे येऊ. सुरुवातीचे गाजलेले उदाहरण ब्रिटनच्या टेस्को या किराणा कंपनीचे. अंधांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबी या संस्थेच्या मदतीने तिने 2001 मध्ये ‘टेस्को ॲक्सेस’ नावाची साधी, हलकी खरेदीची साइट काढली. खर्च 35,000 पाउंड, आणि तिच्यावरून होणारी वार्षिक विक्री 1 कोटी 30 लाख पाउंडांच्या वर गेल्याचे सांगितले गेले. इतकी विक्री केवळ अंध ग्राहकांची असणे कठीण. ज्यांचे इंटरनेट संथ होते, ज्यांना सजावटीपेक्षा सामानाची यादी लवकर उरकायची होती, त्यांनाही ती साइट भावणारच. मात्र वेगळी साइट म्हणजे शेवटी मागचा दरवाजा. मुख्य साइटवर नवे काही आले की तो दरवाजा मागे पडतो. म्हणून या उदाहरणातला आकडा घ्यावा, पद्धत घेऊ नये.

पद्धत घ्यावी ती लीगल अँड जनरल या विमा आणि गुंतवणूक कंपनीची. 2005 च्या सुमारास तिने स्वतःची मुख्य साइटच सुगम्यतेच्या निकषांवर नव्याने बांधली. सर्च इंजिनांतून येणारे अभ्यागत पुढे निम्म्याने वाढले, साइटवर विम्याचे दर विचारणारे आणि उत्पादने घेणारे दुप्पट झाले, आणि देखभालीचा खर्च दोन तृतीयांशाने उतरला. हे घडण्यामागे एक साधे यांत्रिक कारण आहे. स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. तो पानामागची रचना वाचतो. शीर्षक हे शीर्षक म्हणून लिहिले आहे का, बटण खरेच बटण आहे की रंगवलेला चौकोन, चित्राला मजकूर आहे का, फॉर्मच्या चौकटीला नाव जोडले आहे का, हे तो तपासतो. सर्च इंजिनाचा रोबोही बऱ्याच अंशी तसाच वाचतो. त्यालाही डोळे नाहीत. अंध वाचकासाठी पान नीट मांडले की ते रोबोलाही आपोआप उमगते. शिवाय स्वच्छ रचना आणि सजावट वेगवेगळ्या ठेवल्या की एका जागचा बदल दहा ठिकाणी करावा लागत नाही. देखभालीचा खर्च उतरला तो इथून.

नुकसानीची बाजू आधी कोर्टात मोजली गेली. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीवर 2006 मध्ये अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने दावा लावला. 2008 मध्ये 60 लाख डॉलरवर तडजोड झाली. मग ग्राहकांच्या बाजूनेही मोजणी झाली. ब्रिटनमधल्या ‘क्लिक-अवे पाउंड’ या पाहणीत 2016 मध्ये दिसले की साइट वापरायला जड गेली की अशी अडचण असलेले 71 टक्के ग्राहक तक्रारीच्या फंदात न पडता सरळ दुसरीकडे जातात. त्यांच्याबरोबर गेलेल्या खर्चाचा अंदाज 1,175 कोटी पाउंड होता. 2019 च्या पाहणीत तो 1,710 कोटींवर गेला. दुकानात आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले तर दुकानदाराला निदान दिसते. इथे ते दिसतही नाही, आणि म्हणूनच कितीतरी कंपन्या मनापासून म्हणतात की आमच्याकडे असे ग्राहक येतच नाहीत.

किती ग्राहक, हा प्रश्न खरे तर कधीच मिटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 130 कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एक. मायक्रोसॉफ्टसाठी फॉरेस्टर या संशोधन कंपनीने 2003 मध्ये केलेल्या अमेरिकी अभ्यासात तर संगणक वापरणाऱ्या कामकरी वयाच्या प्रौढांपैकी 57 टक्क्यांना अशा सोयींचा उपयोग होण्याची शक्यता दिसली. त्यांतले बरेच जण स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नव्हते. वयाबरोबर नजर मंद होते, बोटे थरथरतात, आणि अक्षर मोठे करायची सोय कुणाची आहे हे विचारायच्या आत माणूस ती वापरू लागतो.

सगळेच आकडे मात्र सारख्या वजनाचे नाहीत. ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीच्या 2018 च्या अहवालात दिव्यांगांना सामावून घेण्यात आघाडीवर असलेल्या कंपन्यांचा महसूल 28 टक्क्यांनी जास्त असल्याचे म्हटले आहे. तो आकडा उठसूट वापरला जातो. पण तो मुख्यतः नोकरी आणि कामाच्या ठिकाणच्या धोरणांविषयी आहे, आणि चांगल्या चालणाऱ्या कंपन्या मुळात अशी धोरणे राबवायला जास्त समर्थ असतात, ही शक्यता त्यात उरतेच. सुगम्यतेची बाजू इतकी भक्कम आहे की तिला ताणलेल्या आकड्यांचा टेकू देण्याची गरज नाही.

2009 मध्ये ॲपलच्या आयफोन 3जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला, तेव्हा गुळगुळीत काच अंधांच्या हातात बोलू लागली, तीही वेगळे पैसे न मोजता. पाच वर्षांनी भागधारकांच्या सभेत ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना काही कामांच्या परताव्याबद्दल छेडले गेले. अंधांना उपकरण वापरता यावे म्हणून काम करताना आपण परताव्याचा विचार करत नाही, असे त्यांनी चिडून सांगितले. मला हे उत्तर पटते. हक्काची गोष्ट दर तिमाहीला नफ्याच्या तराजूत घालायची नसते. पण सगळ्या कंपन्यांच्या बैठकांत असे उत्तर चालत नाही, आणि तिथे बसलेल्या सुगम्यतेच्या पाठीराख्याला हाताशी आकडे हवेतच.

पैसा दिसू लागला की आडवाटाही निघतात. कोडची एक ओळ टाका, साइट आपोआप सुगम्य होईल, अशी जाहिरात करणारी ‘ओव्हरले’ साधने गेल्या दशकात भराभर विकली गेली. असा दावा करणाऱ्या एका कंपनीला 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 10 लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी 28 जूनपासून युरोपीय संघाचा 2019 चा सुगम्यता कायदा प्रत्यक्ष लागू झाला. ऑनलाइन दुकाने, बँकसेवा, ई-पुस्तके, तिकीटयंत्रे असे बरेच काही त्याच्या कक्षेत आहे. कंपनी कुठल्याही देशातली असो, युरोपातल्या ग्राहकाला विकायचे तर तिला हे निकष पाळावे लागतात. म्हणजे कलम 508 ने सरकारी कंत्राटापुरती घातलेली अट आता संबंध बाजारपेठेला लागली.

वेबएम ही संस्था 2019 पासून दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे तपासते. पहिल्या वर्षी 97.8 टक्के पानांवर यंत्राला सहज सापडणाऱ्या चुका होत्या. 2025 मध्ये 94.8 टक्के. बहुतेक चुका त्याच सहा प्रकारच्या असतात: फिकट अक्षरे, पर्यायी मजकूर नसलेली चित्रे, नाव नसलेल्या फॉर्मच्या चौकटी, रिकामे दुवे, रिकामी बटणे आणि पानाची भाषा न सांगणे. यांतली दुसरी चूक मॅग्वायर यांच्या 1999 च्या तक्रारीत पहिल्याच मुद्द्यात होती.