ओल्ड कोर्स, सेंट अँड्र्यूज

ओल्ड कोर्स : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यातील सेंट अँड्र्यूज या गावाला खेटून असलेले १८ होलचे गोल्फ मैदान (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खळग्यापर्यंतचा टप्पा). येथे पंधराव्या शतकापासून गोल्फ खेळला जात असल्याचे मानतात. प्रत्येक होलला क्रमांकाबरोबर एक नावही आहे. नाला, कुंपणभिंत, गाडीवाट, जिंजर बिअर, रस्ता अशी ही नावे असून त्यांत खेळाच्या डावपेचांपेक्षा गावाची वहिवाटच जास्त दिसते. हे मैदान कोणी एकाने बसून आखलेले नाही. गावाने शेकडो वर्षे जमीन जशी वापरली, तशी ती खेळणाऱ्यांच्या तोंडी नावे होऊन बसली. मैदानाचा सातबाराच म्हणायला हरकत नाही, फक्त तो झेंड्यांवर लिहिलेला.

किनाऱ्यालगतची वाळू आणि आतली शेतजमीन यांच्यामधल्या पट्टीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे नांगर चालत नाही, पण गवत तग धरते. म्हणजे गावाच्या लेखी ते गायरान. मेंढ्या चारणे, कपडे धुऊन वाळत घालणे, नेमबाजीचा सराव करणे आणि उरलेल्या वेळात काठीने चेंडू मारणे, हे सारे एकाच जागी चाले. लोक धनुर्विद्या सोडून खेळतच बसतात म्हणून दुसरा जेम्स राजा असताना, १४५७ साली, स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. ती १४७१ आणि १४९१ मध्ये पुन्हा घालावी लागली, यावरूनच ती किती पाळली गेली असेल ते कळते.

जमिनीवरचा गावाचा हक्क कागदावर आला तो सशांमुळे. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला लिंक्सवर ससे पाळायचे होते. १५५२ च्या सनदेत त्याला ती मुभा मिळाली आणि त्याच सनदेत गावकऱ्यांचे गोल्फ, फुटबॉल व नेमबाजी करण्याचे आणि गुरे चारण्याचे हक्क मान्य झाले. पुढे अडीचशे वर्षांनी सशांनी त्याची पुरेपूर वसुली केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेच्या हातून लिंक्स गेली आणि १७९९ मध्ये ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आली. त्यांचा धंदा सशांचा. मैदानभर बिळे झाली. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, आणि हे भांडण एडिंबरोच्या न्यायालयातून थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. निकालांपेक्षा उपयोगी पडला तो एक खरेदीव्यवहार. शेजारच्या स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप हे स्वतः गोल्फ खेळणारे होते. त्यांनी १८२१ मध्ये ही जमीन विकत घेतली आणि सशांचा प्रश्न मिटला. दुसऱ्या होलच्या वाटेवरचा ‘चीप्स बंकर’ हा वाळूचा खड्डा याच घराण्याच्या नावाचा. १८९४ च्या कायद्याने लिंक्स पुन्हा गावाकडे आली. १९७४ च्या कायद्यानुसार स्थापन झालेला न्यास आज तिची व्यवस्था पाहतो. मैदान सार्वजनिक आहे. रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबची भारदस्त दगडी इमारत पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागेच उभी असली, तरी मैदान त्या क्लबच्या मालकीचे नाही. पाहुण्यांचा हा समज हमखास चुकतो.

मैदानाचा आकारही या वापरातूनच आला. काटेरी झुडपांमधून मोकळी राहिलेली एक अरुंद, टोकाशी वाकलेली पट्टी होती. तिच्यावरून ईडन नदीच्या मुखापर्यंत खेळत जायचे आणि त्याच खळग्यांमध्ये चेंडू घालत परत यायचे. आधी एका फेरीत २२ होल होत. १७६४ मध्ये सुरुवातीची चार होल लहान वाटली म्हणून त्यांची दोन केली. जाताना दोन कमी झाली, येतानाही दोन कमी झाली आणि राहिली १८. आज जगभर फेरी १८ होलची असते, त्यामागे एवढेच कारण आहे. आकड्यात गूढ काही नाही.

खेळणारे वाढले तेव्हा जाणारे आणि येणारे एकाच खळग्यापाशी समोरासमोर येऊ लागले. त्यावर तोड म्हणून हिरवळी, म्हणजे खळग्याभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे पट्टे, रुंद केल्या आणि एकेका हिरवळीवर दोन खळगे केले. अशा सात जोडहिरवळी आजही आहेत : दुसरी-सोळावी, तिसरी-पंधरावी, चौथी-चौदावी, पाचवी-तेरावी, सहावी-बारावी, सातवी-अकरावी आणि आठवी-दहावी. कोणत्याही जोडीची बेरीज करा, १८ येते. पहिली, नववी, सतरावी आणि अठरावी मात्र एकेकट्या. पाचव्या-तेराव्याची हिरवळ पाऊण एकराहून मोठी आहे. चेंडू चुकीच्या टोकाला थांबला तर खळगा समोर दिसत असूनही तो तीस-चाळीस पावलांवर राहतो. जातानाच्या होलवर पांढरा झेंडा आणि परतीच्या होलवर लाल, हा भेद नवख्याने आधी पाठ करावा. नाहीतर मन लावून नेम धरायचा आणि तो दुसऱ्याच होलवर, असे होते. एकेकाळी हे मैदान आलटून पालटून उलट्या दिशेनेही खेळले जाई. एखादा बंकर आज अगदी निरर्थक जागी वाटला, तर त्याची भीती उलट दिशेने येणाऱ्याला वाटत असे, एवढे लक्षात घ्यावे.

पहिल्या होलचे नाव ‘बर्न’. स्कॉट्स बोलीत बर्न म्हणजे ओढा. हा स्विल्कन ओढा हिरवळीला अगदी चिकटून वाहतो आणि जोर थोडा कमी पडला की चेंडू गिळतो. गावच्या बायका याच ओढ्यावर धुणे धूत आणि काटेरी झुडपांवर कपडे वाळत घालत. दुसरे ‘डाइक’ आणि सोळावे ‘कॉर्नर ऑफ द डाइक’ ही नावे हद्दीच्या दगडी भिंतीवरून पडली. तिसरे आणि पंधरावे दोन्ही ‘कार्टगेट’. येथे ‘गेट’चा अर्थ फाटक नव्हे, वाट. समुद्राकडे जाणारी गाडीवाट येथून जाई. सहावे-बारावे ‘हेदरी’ हे हेदरच्या झुडपांवरून, सातवे-अकरावे ‘हाय’ हे उंचवट्यावरून. नववे ‘एंड’ म्हणजे मैदानाचे टोक. आठवे ‘शॉर्ट’ आणि चौदावे ‘लाँग’ यांना नाव देताना कोणी फार विचार केला नसावा.

चौथ्याचे नाव ‘जिंजर बिअर’. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड अँडरसन या माणसाची पेयांची गाडी चौथ्या होलजवळ उभी असे. तो चेंडू बनवी, लोकांच्या काठ्या वाही आणि मैदानाची देखभालही करी. त्याचा मुलगा जेमी अँडरसन याने १८७७, १८७८ आणि १८७९ अशी सलग तीन वर्षे ओपन ही ब्रिटनमधली मानाची गोल्फ स्पर्धा जिंकली. मैदानाने मात्र आठवण ठेवली ती बापाच्या गाडीची. मुलाच्या नावाचे होल नाही.

वाळूच्या खड्ड्यांनाही, म्हणजे बंकरांनाही, नावे आहेत. मैदानावर असे ११२ बंकर. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या खाचांमध्ये बसत, तेथले गवत झिजे आणि वाळू उघडी पडे. बंकरांचा जन्म असा झाला, असे परंपरेने सांगतात. सोळाव्यावर तीन बंकरांचा एक पुंजका आहे, त्याचे नाव ‘प्रिन्सिपल्स नोज’. सेंट अँड्र्यूजचे विद्यापीठ १४१३ सालचे. तेथील एका प्राचार्यांच्या भल्यामोठ्या नाकावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. चौथ्यावर ‘स्टुडंट्स’, तेराव्यावर ‘कॉफिन्स’ म्हणजे शवपेट्या. नवव्यावरचा ‘क्रूगर’ हा दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या सुमारास आलेला. शत्रुराष्ट्राच्या अध्यक्षाला गावाने खड्ड्यात घातले आणि शेजारी ‘मिसेस क्रूगर’चीही सोय केली. पंधराव्यावरचा ‘सदरलँड’ एकदा बुजवण्यात आला होता. त्या नावाच्या गृहस्थांनी न्यायालयात जाण्याची धमकी दिली आणि एका रात्रीत कोणीतरी तो पुन्हा उकरून ठेवला. चौदाव्यावरचा ‘हेल’ सुमारे दहा फूट खोल. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलॉस या कसलेल्या खेळाडूला यातून बाहेर पडायला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याच्या नावे १० लागले. याउलट टायगर वूड्सने २००० सालची ओपन येथे जिंकली तेव्हा चारही दिवसांत त्याचा चेंडू एकाही बंकरात गेला नाही.

सतरावे होल ‘रोड’. गावाचा इतिहास सर्वांत दाटीने भरला आहे तो येथे. १८५२ मध्ये सेंट अँड्र्यूजला रेल्वे आली आणि तिची काळी गोदामे बरोबर या होलच्या वाटेत उभी राहिली. पहिला फटका गोदामांच्या छपरांवरून मारायचा, असा शिरस्ताच पडला. स्टेशनमास्तरची बागही तेथेच होती. चेंडू बागेत गेला की हरवला असे समजत. १९६९ मध्ये रेल्वे बंद झाली. जुनी गोदामे त्याआधीच पाडली होती. मात्र त्यांच्याशिवाय होल ओकेबोके वाटू लागले, म्हणून पुढे त्या जागी हॉटेलला जोडून तशाच आकाराची खोटी छपरे उभारली. आजही जगातले उत्तमोत्तम खेळाडू अस्तित्वात नसलेल्या रेल्वेच्या नकली गोदामावरून चेंडू मारतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हिरवळीच्या पुढ्यात तोंड आवळलेला, उभ्या भिंतीचा रोड बंकर आहे. १९७८ च्या ओपनमध्ये जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू हिरवळीवर पोहोचला होता. तेथून अलगद ढकलताना तो उतारावरून घरंगळून या खड्ड्यात गेला. बाहेर काढायला चार फटके लागले, होलवर एकूण नऊ. हिरवळीच्या मागे जुना हमरस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर उचलून गवतावर ठेवण्याची सवलत नाही, डांबरावरूनच मारायचा. रस्ता आधीचा, खेळ नंतरचा.

पहिले आणि अठरावे होल मिळून जे विस्तीर्ण पटांगण होते, त्याच्या मधोमध ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ हा सार्वजनिक रस्ता जातो. फिरायला निघालेली माणसे समुद्राकडे जाताना खेळणाऱ्यांच्या पुढून मैदान ओलांडतात आणि खेळणारे काठी खाली टेकवून थांबतात. वहिवाट ती वहिवाट.

अठराव्याला ‘टॉम मॉरिस’ हे नाव आहे. मॉरिस (१८२१–१९०८) १८६० च्या दशकात मैदानाचा राखणदार म्हणून गावी परतला आणि अठराव्याची हिरवळ त्यानेच घडवली. तिच्या पुढचा खोलगट भाग ‘व्हॅली ऑफ सिन’, म्हणजे पापाची दरी, म्हणून ओळखला जातो. त्याच्या आधी अ‍ॅलन रॉबर्टसन या खेळाडूने (१८१५–१८५९) मैदान रुंद करून घेतले होते. याच मैदानावर १८५८ मध्ये त्याने ७९ फटक्यांत फेरी पुरी केली, ८० च्या आतली ही पहिली नोंद मानतात. मॉरिसचा मुलगा टॉमी याने १८६८, १८६९, १८७० आणि १८७२ ची ओपन जिंकली आणि १८७५ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. बापलेक दोघेही गावच्या पडक्या कॅथीड्रलच्या आवारात पुरलेले आहेत. टॉमीला चार ओपन जिंकूनही होल मिळाले नाही, ते मिळाले मैदान सांभाळणाऱ्या बापाला. अँडरसन बापलेकांचीही तीच गत, हे लक्षात येतेच.

परक्या माणसाचे नाव एकाच होलला आहे. दहावे ‘बॉबी जोन्स’. हा अमेरिकन खेळाडू १९२१ मध्ये अकराव्या होलच्या बंकरात अडकला, चिडला आणि ओपन अर्धवट सोडून गेला. १९२७ मध्ये त्याने येथेच ओपन जिंकली आणि १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धाही. १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. हा मान मिळालेला त्याच्या आधीचा अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ सालचा. जोन्स १९७१ मध्ये वारला आणि तोवर बिननावाच्या राहिलेल्या दहाव्या होलला त्याचे नाव मिळाले.

ओपन स्पर्धा येथे प्रथम १८७३ मध्ये झाली आणि २०२२ ची १५० वी ओपनही येथेच झाली. स्त्रियांना मात्र फार थांबावे लागले. त्यांचा क्लब १८६७ चा, पण त्यांच्या वाट्याला चेंडू ढकलत खेळण्याचे लहानसे मैदान आले. चढउतारांमुळे त्याला ‘हिमालयाज’ म्हणतात. महिलांची ब्रिटिश ओपन ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा झाली ती २००७ मध्ये आणि रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचे ठरवले ते २०१४ मध्ये.

एरवी रविवारी मैदान खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात, मुले ‘हेल’मध्ये उतरून वाळू उधळतात आणि गायरान पुन्हा गायरान होते.

अठराव्याच्या फेअरवेवर, म्हणजे टी आणि हिरवळ यांच्यामधल्या पट्टीत, स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल आहे. लांबी सुमारे तीस फूट, रुंदी आठ फूट, एकच कमान, कठडे गुडघ्यालाही न लागणारे. मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेता यावीत म्हणून तो सुमारे सातशे वर्षांपूर्वी बांधला, असे मानतात. मोठे खेळाडू निवृत्त होताना या पुलावर उभे राहून हात हलवतात. निकलॉसने २००५ मध्ये येथूनच निरोप घेतला. रोज शेकडो माणसे फोटोसाठी थांबत असल्याने पुलाच्या तोंडाशी गवत टिकेना. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत तेथे दगडी फरशीचे वर्तुळ बसवले गेले. त्याची छायाचित्रे पसरली, जगभरातून टीका झाली, आणि काही दिवसांतच फरशी उखडून पुन्हा हिरवळ अंथरण्यात आली.