डिफेंडर अंगावर आला की मागे सरकू नका
(संध्याकाळच्या बास्केटबॉल बॅचची मुलं आणि पालक, दोघांसाठी)

"सर, नुसते पासच चाललेत, शूटिंग कधी?" हा प्रश्न गेटवर जवळजवळ रोज येतो, म्हणून एकदाच लिहून देतोय. चेस्ट पास (छातीपासून सरळ), बाउन्स पास (जमिनीवर टप्पा पाडून) सगळ्यांना येतात, समोर कोणी नसलं तर. अडतं ते डिफेंडर, म्हणजे अडवणारा खेळाडू, चिकटला की.

तेव्हा बहुतेक मुलं एकच करतात, एक पाऊल मागे, बॉल डोक्यावर आणि वरून उंच पास. झालं, ते पाऊल डिफेंडरला फुकट मिळतं, पास लांबतो, बॉल हवेत तरंगतो आणि मधूनच तिसरा कोणी येऊन पळवतो. आमचा सगळ्यात जास्त वेळ ही एक सवय मोडण्यात जातो, कारण शाळेच्या मैदानावर ती चालून जाते.

खरं तर डिफेंडर जितका जवळ तितकं बरं, हात हलवायला त्याला वेळच उरत नाही. पिव्हटचा पाय (जो टेकून ठेवून आपण फिरतो तो) जागेवर, दुसरा पाय त्याच्या पायाच्या बाजूने पुढे, खांदा त्याच्या पलीकडे. मग त्याचे हात बघा. वर असतील तर काखेखालून बाउन्स, खाली असतील तर कानाजवळून सरळ. हात मधेच असतील तर हूल द्या, पण बॉलने, नुसती मान हलवून नाही. बॉल वर दाखवला, त्याचे हात वर गेले की खालून सोडा. आणि ज्याला द्यायचाय त्याच्याकडे टक लावून बघू नका हो! घेणाऱ्यानेही खांबासारखं उभं न राहता बॉलकडे यायचं.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात डिफेंडर 1 मीटरच्या आत असला आणि बॉल हातात धरला असेल तर 5 सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल (बॉल टप्पे पाडत नेणं) करावंच लागतं, नाहीतर बॉल समोरच्या टीमला. म्हणून आम्ही आधी बिनाड्रिबलची मॅच खेळवतो, ती बाहेरून कंटाळवाणी दिसते ते मान्य. पालकांनी तेवढं बाहेरून "त्याला दे, त्याला दे" ओरडू नये, डिफेंडरलाही ऐकू येतं.

12 वर्षांच्या आतल्या मुलांना 5 नंबरचाच (लहान आकाराचा) बॉल द्या. 7 नंबर (मोठा) घेण्याआधी विचारा, आमच्याकडचे हातात घेऊन बघा.

रविवारी सकाळी फक्त पासिंगची बॅच असते, आपल्या मुलांना वेगळी फी नाही, मित्राला ट्रायलला आणलं तरी चालेल. पोहे-जलेबी मात्र प्रॅक्टिसनंतर, भरल्या पोटी येऊ नका.