रीॲम्पिंग करताना प्रोसेसर ‘इफेक्ट लावत नाही’? आधी १-२ आणि ३-४ तपासा

बिघडला म्हणून आमच्या दुकानात येणारा गिटार प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला ॲम्प आणि इफेक्ट लावणारी मशीन, बरेचदा बिघडलेला नसतो. वणी, मारेगाव, झरीकडून एसटीच्या पार्सलने मशीन येते. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, “रेकॉर्ड केलेली गिटार मशीनमध्ये पाठवली, पण इफेक्टच नाही लागून राहिला भाऊ.” टेबलवर जोडली की मशीन ठणठणीत चालते. तुमचे चार दिवस जातात, पार्सलचे पैसे जातात आणि भीमजयंतीच्या किंवा नवरात्राच्या तोंडावर गाणं अडून बसतं. असं होऊ नये म्हणून हे पत्रक.

ज्यांनी रीॲम्पिंग केलं आहे त्यांना मूळ कल्पना माहीतच आहे: गिटार आधी कोरी, म्हणजे ड्राय, रेकॉर्ड करायची. नंतर तोच ट्रॅक प्रोसेसरमधून पुन्हा वाजवून हवा तो ॲम्प आणि इफेक्ट लावून दुसऱ्या ट्रॅकवर घ्यायचा. गिटारवाला एकदाच बसतो, आवाज मात्र दहा वेळा बदलता येतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

यूएसबीने जोडला की प्रोसेसर तुमचं साउंड कार्ड होतो. लॅपटॉपमधून त्याच्याकडे आवाज जायला एकापेक्षा जास्त वाटा असू शकतात. लाइन सिक्स कंपनीच्या हीलिक्स किंवा एचएक्स स्टॉम्प या प्रोसेसरमध्ये १-२ ही वाट नुसती ऐकण्यासाठी आहे. त्यावर पाठवलेला आवाज सरळ हेडफोनला आणि आउटपुटला जातो, इफेक्टच्या साखळीला तो शिवतही नाही. इफेक्टमधून जाणारी वाट वेगळी, उदाहरणार्थ ३-४.

घोळ इथेच होतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही ट्रॅक आपोआप मास्टरला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, जातो आणि मास्टर १-२ वर. म्हणून तुम्ही काही केलं नाही तर ड्राय ट्रॅक ड्रायच ऐकू येणार. त्यात मशीनचा दोष नाही.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असं करा. ड्राय ट्रॅकवरचं ‘रूट’ बटण दाबा, ‘मास्टर सेंड’ची खूण काढा आणि हार्डवेअर आउटपुटमध्ये ३-४ जोडा. यादीत ३-४ दिसतच नसेल तर प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस या पानावर जा. तिथे कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (मशीन आणि लॅपटॉप यांच्यात आवाज नेणारा प्रोग्राम) निवडलेला हवा आणि आउटपुटची शेवटची संख्या २ वर अडकलेली नको. ती वाढवली की बाकीच्या वाटा दिसतात. एएसआयओ फोर ऑल वापरणाऱ्यांनी आधी मूळ ड्रायव्हर टाकावा. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुलामा आहे, मशीनचा खरा ड्रायव्हर नव्हे.

आता मशीनवर या. इनपुट ब्लॉक, म्हणजे आवाज कुठून घ्यायचा ती सेटिंग, ‘गिटार’वर असेल तो ‘यूएसबी ३-४’ करा. मग सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक घ्या, त्याचं इनपुट १-२ ठेवा, मॉनिटर (येणारा आवाज लगेच ऐकवणारं बटण) बंद करा आणि रेकॉर्ड दाबा.

कुठे चुकलं हे कानानेच कळतं. कोरी गिटार ऐकू येत असेल तर चूक लॅपटॉपमध्ये आहे, ट्रॅक अजून १-२ वरच जातो आहे. काहीच ऐकू येत नसेल आणि ट्रॅकचं मीटर मात्र हलत असेल, तर मशीनचा इनपुट ब्लॉक अजून गिटारवर आहे. इफेक्टही आहे आणि खाली कोरी गिटारही मिसळते आहे, आवाज पातळ लागतो, तर मास्टर सेंडची खूण काढायची राहिली. पार्सल बांधण्याआधी या तिन्ही गोष्टी बघाच.

काम झालं की इनपुट ब्लॉक परत गिटारवर आणा. तो बदल प्रीसेटसोबत, म्हणजे साठवलेल्या सेटिंगसोबत, सेव्ह होतो. रात्री रीॲम्प करून प्रीसेट सेव्ह केला की सकाळी कार्यक्रमात त्याच प्रीसेटवर गिटार मुकी. आमचा आग्रह असा की प्रीसेटची एक नक्कल करा, तिला ‘रीॲम्प’ नाव द्या आणि मूळ प्रीसेटला हात लावू नका.

दोनच वाटा असलेली स्वस्त मशीन

यात ३-४ नसतेच. मेनूमध्ये यूएसबी ऑडिओचं पान असतं, तिथे रेकॉर्डिंग ड्राय की इफेक्टसह आणि लॅपटॉपचा आवाज इफेक्टच्या आधी की नंतर, हे ठरवावं लागतं. नावं मॉडेलप्रमाणे बदलतात. काही मशीनमध्ये ही सोयच नाही, काहींची यूएसबी तर फक्त अपडेट आणि प्रीसेटसाठी असते. विकत घेण्याआधी आम्हाला मॉडेलचं नाव सांगा, आम्ही दुकानात जोडून दाखवतो.

अशा मशीनवर रीॲम्प करताना ड्राय सोडून बाकी सगळे ट्रॅक म्यूट करा. नाहीतर ढोलकी आणि हार्मोनियमही डिस्टॉर्शनमधून वाजतात. नव्या ट्रॅकचा मॉनिटर चालू राहिला तर आवाज मशीनमधून लॅपटॉपला आणि तिथून परत मशीनला फिरत राहतो, मग जोराची शिट्टी येते. तेव्हा हेडफोन कानावर नको.

लेव्हल, सॅम्पल रेट, उशीर

ड्राय ट्रॅकचे उंच ठोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. परत पाठवताना फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) शून्यावर, पॅन (डावा-उजवा तोल) मधोमध, ट्रॅकवर एकही प्लगइन नको, नॉर्मलाइझ करून लेव्हल वाढवणंही नको. ॲम्पच्या मॉडेलला गिटार मूळ जोराने मिळाली तरच डिस्टॉर्शन खरं लागतं. फेडर दहा डेसिबल खाली ओढून “डिस्टॉर्शन मरून राहिलं” अशी तक्रार येते, त्याचं कारण एवढंच.

सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो आकडा, मशीन आणि प्रोजेक्ट दोन्हींत एकच हवा. ४८ किलोहर्ट्झवर घेतलेली फाइल चुकून ४४.१ वर वाजली तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन उतरतो. गाणं पांढरी दोनचं असेल तर ते काळी एक आणि पांढरी एकच्या मधे कुठेतरी पडतं, पेटी कशालाच जुळत नाही. बरीच स्वस्त मशीन ४४.१ वरच चालतात, तिथे प्रोजेक्टच ४४.१ वर सुरू करा.

रीॲम्प झालेला ट्रॅक थोडा मागे पडू शकतो. ड्राय ट्रॅकच्या सुरुवातीला तारेवर एक कोरडा टोला घेऊन ठेवा. नंतर दोन्ही ट्रॅक मोठे करून दोन टोल्यांमधलं अंतर बघा आणि नवा ट्रॅक तेवढा डावीकडे, सुरुवातीच्या दिशेने सरकवा. ४८ किलोहर्ट्झवर १० मिलिसेकंद म्हणजे ४८० सॅम्पल. बफर (लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल हाताळतो तो आकडा, मोठा असेल तर उशीर वाढतो) गिटार वाजवताना १२८ ठेवा, रीॲम्पला ५१२ चालतो, कारण तेव्हा कुणी वाजवत नसतं. चार मिनिटांच्या गाण्याला चारच मिनिटं लागतात. फास्ट रेंडर दाबून काम होत नाही, मशीन खऱ्या वेळेतच वाजते.

केबल आणि वीज

मोबाइलच्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मशीन दिसत नसेल तर आधी केबल बदला, हब काढा, तीन मीटरच्या आतली केबल सरळ लॅपटॉपला लावा.

घुंऽऽ आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष बहुतेक चार्जरचा किंवा अर्थिंगचा. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात बादलीभर पाणी टाका. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ड्राय ट्रॅक घेऊ नका. ती खरखर त्या ट्रॅकमध्ये कायमची बसते आणि डिस्टॉर्शनमधून दुप्पट होऊन बाहेर येते.

आमच्या दोन अटी

दोष न निघाल्यास तपासणीचे २०० रुपये घेतो. काहींना ते खटकतं. पण ड्रायव्हर, वाटा, केबल, लेव्हल हे सगळं तपासायला तासभर जातो आणि त्यानंतर तुमच्या मशीनमध्ये बरोबर चालणारी सेटिंग साठवून, ‘रीॲम्प’चा प्रीसेट करूनच परत पाठवतो.

दुसरं, फक्त इफेक्टसह घेतलेल्या फाइलवर आम्ही रीॲम्प करून देत नाही. फोडणी पडलेल्या वरणातून मोहरी वेचता येत नाही. दोन्ही ट्रॅक एकाच वेळी घ्यायची सवय लावा. हीलिक्सवर गिटारचा ड्राय आवाज यूएसबीच्या ७ नंबरच्या वाटेवर मिळतो, एचएक्स स्टॉम्पवर ५-६ वर. ज्यांच्या मशीनला ही सोय नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे डीआय बॉक्स (कोरी गिटार साउंड कार्डला नेणारा) आणि रीॲम्प बॉक्स दोन्ही आहेत. रीॲम्प बॉक्स साउंड कार्डचा लाइन आउट गिटारच्या लेव्हलला आणतो, मग जुना यूएसबी नसलेला प्रोसेसरही चालतो. आधी दुकानात तुमच्या मशीनवर ऐका, पटला तर घ्या.

मशीन आणताना किंवा पाठवताना तिचाच ॲडॅप्टर आणि तुम्ही वापरता तीच यूएसबी केबल सोबत द्या. रूट बटणाच्या पानाचा आणि मशीनच्या इनपुट ब्लॉकचा मोबाइलवर फोटो काढून आधी व्हॉट्सॲपवर टाका.