नेपाळला जायला आधार कार्ड पुरतं का?

कमी खर्चात सहकुटुंब परदेश म्हटलं की नेपाळचं नाव निघतं आणि कोणीतरी हमखास सांगतं, 'व्हिसा नको, पासपोर्ट नको, आधार पुरे.' व्हिसा खरोखरच लागत नाही. आधारचं मात्र अर्धसत्य आहे आणि त्यापायी विमानतळावरून परतायची वेळ येऊ शकते.

आधार चालतं ते 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना, तेही 2019 पासून. म्हणजे आजी-आजोबा आणि लहानगी सुटली. प्रश्न आई-बाबांचा उरतो. विमानाने काठमांडूला जाताना त्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावं. मूळ प्रतच, झेरॉक्स नको. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. तो मे महिन्याची सुट्टी लागण्याआधीच मागून घ्या, नंतर शाळेत सहीला कोणी भेटत नाही.