लॉग क्लस्टरमध्ये नोडची भूमिका बदलायची आहे? पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीची प्रक्रिया

इलॅस्टिकसर्च या डेटा साठवून शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लॉग क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात) प्रत्येक सर्व्हरची, म्हणजे नोडची, भूमिका ठरते ती 'नोड डॉट रोल्स' या एका ओळीने. सेटिंगची फाइल उघडा, ओळ बदला, नोड रिस्टार्ट करा. एवढ्याशा कामाला चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा अर्ज, कशाला, असं टीममध्ये नव्याने आलेल्याला वाटतंच. पण याच ओळीतून नोडला दोन वेगवेगळे अधिकार मिळतात. एक क्लस्टरचा मास्टर निवडताना मतदानाचा आणि दुसरा डेटा बाळगण्याचा. ते देणं सोपं असतं, काढून घेताना मात्र क्रम चुकला तर नोड पुन्हा उठत नाही. म्हणून अर्ज भरताना या दोन अधिकारांचा विचार वेगवेगळा करावा.

ओळ लिहिलीच नाही तर नोड सगळ्याच भूमिका अंगावर घेतो: मास्टर (क्लस्टरचा कारभार पाहणारा), डेटाचे सगळे थर, इन्जेस्ट (साठवण्याआधी डेटावर प्रक्रिया), मशीन लर्निंग, सगळं. तीन नोडच्या छोट्या क्लस्टरला हे चालतं. पण रोजचे लॉग वाढले की लिहिण्याच्या भाराखाली हीप (नोडची कामाची मेमरी) भरते आणि त्याच नोडवर मास्टरही बसलेला असेल तर अख्खा क्लस्टर हलतो. भूमिका वेगळ्या करण्याचा अर्ज बहुतेक वेळा अशाच एखाद्या रात्रीनंतर लिहिला जातो.

पात्रता

मास्टरपदासाठी पात्र नोड किमान तीन हवेत. दोन ठेवले तर सुरक्षितता वाढल्याचा नुसता भास होतो. मतदारसंख्या विषम राहावी म्हणून क्लस्टर दोघांपैकी एकाला मतदानातून वगळतो. वगळलेला पडला तर काही बिघडत नाही, दुसरा पडला तर सगळंच थांबतं. तिसरा पूर्ण क्षमतेचा सर्व्हर परवडत नसेल तर त्याला मास्टरसोबत 'व्होटिंग ओन्ली' ही भूमिका द्यावी. तो मत देतो, स्वतः कधी निवडून येत नाही, त्यामुळे लहान मशीनवरही भागतं. मात्र उरलेले दोघे निवडून येऊ शकणारे असले पाहिजेत. मास्टर डेटा बाळगत नाही म्हणून त्याला कुठलीही जुनी, मंद डिस्क द्यावी असा एक समज आहे, तो चुकीचा. क्लस्टरची स्थिती तो डिस्कवरच लिहीत असतो.

डेटाच्या बाबतीत हॉट थर नव्या लॉगसाठी, तिथे एसएसडी हवी. वॉर्म आणि कोल्ड जुन्यासाठी, तिथे डिस्क मोठी असली की पुरे. सगळ्यात जास्त विसरली जाणारी भूमिका म्हणजे 'डेटा कंटेंट'. लॉगचे डेटा स्ट्रीम (सतत वाढत जाणारा डेटा) हॉटवर जातात, पण साधे इंडेक्स (डेटाचे संच), डॅशबोर्ड दाखवणाऱ्या किबानाचे स्वतःचे इंडेक्ससुद्धा, कंटेंट थर शोधतात. सगळ्या नोडना नेमके थर वाटून दिले आणि कंटेंट कुणालाच दिला नाही, तर नव्या इंडेक्सचे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) जागेविना लटकून राहतात. हॉट नोडलाच ही भूमिका जोडून द्या, प्रश्न मिटतो. सरसकट 'डेटा' ही भूमिका आणि नेमके थर एकाच नोडवर एकत्र करू नका.

कोल्ड थर हवाच कशाला, असा प्रश्न मंजुरीच्या बैठकीत आला तर उत्तर कायद्यात आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, तेही भारताच्या अधिकारक्षेत्रात, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सहा महिन्यांचे लॉग एसएसडीवर ठेवण्याचा खर्च कुणी मंजूर करणार नाही. फ्रोझन थर (क्वचितच शोधल्या जाणाऱ्या डेटासाठीचा) मागत असाल तर आणखी एक गोष्ट लिहा. त्या नोडच्या डिस्कवर फक्त कॅश असते, मूळ डेटा स्नॅपशॉटच्या (बॅकअपच्या) रिपॉझिटरीत राहतो. म्हणजे सर्व्हर पुण्यात असला तरी रिपॉझिटरीची क्लाउडमधली बकेट (साठवणजागा) कुठल्या रीजनमध्ये आहे, हे लीगलवाले विचारणारच. शिवाय या थराला एंटरप्राइझ परवाना लागतो, त्याची प्रत जोडावी.

काय काय जोडायचं

सध्याची नोडयादी भूमिकांसह, प्रत्येक नोडची डिस्क किती भरली आहे त्याचा आकडा, आणि यशस्वी झालेल्या ताज्या स्नॅपशॉटची नोंद. डिस्कचा आकडा महत्त्वाचा, कारण एक नोड रिकामा करताना त्याचे शार्ड उरलेल्यांवर जाणार. मूळ सेटिंगमध्ये ८५ टक्क्यांच्या वर गेलेल्या नोडवर नवे रिप्लिका (शार्डच्या जादा प्रती) बसत नाहीत आणि ९० ओलांडले की तिथून शार्ड बाहेर ढकलले जाऊ लागतात. बेरीज आधी कागदावर करा.

नवा सर्व्हर येणार असेल तर फायरवॉलची परवानगी लागते: नोडच्या आपसातल्या बोलण्यासाठी ९३०० आणि क्लायंटसाठी ९२००. लिनक्सवर 'व्हीएम डॉट मॅक्स मॅप काउंट' हे मेमरीचं सेटिंग किमान २,६२,१४४ हवं, नाहीतर लोकलहोस्ट सोडून खऱ्या आयपीवर बांधलेला नोड सुरू होतानाच अडतो. सुरक्षा स्वयंचलित पद्धतीने लावलेली असेल तर चालू नोडवर एनरोलमेंट टोकन (नव्या नोडचा प्रवेश-परवाना) काढावं लागतं. ते ३० मिनिटांतच बाद होतं, म्हणून अर्जासोबत टोकन जोडण्याच्या भानगडीत पडू नका. आपलं सर्टिफिकेट आपणच दिलेलं असेल तर टोकनचा संबंध नाही, त्याच सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेकडून) नव्या नोडचं सर्टिफिकेट आधी काढून ठेवा.

प्रत्यक्ष प्रक्रिया

आधी भरती, मग कपात. नवे मास्टर नोड जोडून घ्या, ते यादीत दिसू द्या, त्यानंतरच जुन्यांच्या ओळीतून 'मास्टर' काढा. नव्या नोडच्या फाइलमध्ये 'क्लस्टर डॉट इनिशियल मास्टर नोड्स' ही ओळ ठेवू नका. ती क्लस्टर पहिल्यांदा उभा राहताना लागते. जुन्या फाइलवरून कॉपी करताना ती राहून गेली तर नवा नोड जुन्यांत येण्याऐवजी आपला वेगळाच क्लस्टर थाटू शकतो. त्याच कॉपीत 'नोड डॉट मास्टर' किंवा 'नोड डॉट डेटा' अशा जुन्या ओळी असतील तर त्याही काढा. इलॅस्टिकसर्च ७.९ मध्ये 'नोड डॉट रोल्स'ची नवी पद्धत आली आणि ८.० मध्ये जुन्या ओळी बंदच झाल्या, त्यामुळे नोड त्या पाहून सुरूच होत नाही.

मास्टर एकेक करून, मध्ये थांबत काढले तर क्लस्टर मतदारयादी स्वतः सुधारतो. निम्मे किंवा जास्त एकदम काढायचे असतील तर आधी त्यांना मतदानातून वगळण्याची एपीआय चालवावी लागते, आणि काम झाल्यावर ती वगळयादी रिकामी करावी लागते.

डेटाची भूमिका काढणं हे या सगळ्यातलं वेळखाऊ काम. नोडचं नाव 'अलोकेशन एक्स्क्लूड'मध्ये (ज्यांच्यावर शार्ड ठेवायचे नाहीत त्या नोडच्या सेटिंगमध्ये) टाका आणि त्यावर एकही शार्ड उरत नाही तोवर वाट पाहा. डेटा टेराबाइटमध्ये असेल तर यात रात्र जाते, म्हणून कामाची वेळ मागताना ती मोकळ्या हाताने मागा. शार्ड असतानाच ओळ बदलून रिस्टार्ट मारला तर नोड उठायलाच नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. त्या वेळी लॉगमधला संदेश 'रिपर्पज' हे साधन सुचवतो. घाईत ते चालवू नका, कारण ते शार्डचा डेटा डिस्कवरून पुसतं. रिप्लिका दुसरीकडे नसेल तर तो परत येणार नाही. जुनी भूमिका परत लावा, नोड उठवा, शार्ड हलू द्या.

पडताळणी

नोडची यादी देणाऱ्या कॅट नोड्सच्या एपीआयमध्ये भूमिका एकेका अक्षराने दिसतात: मास्टरला एम, हॉटला एच, कंटेंटला एस, व्होटिंग ओन्लीला व्ही. नुसती आडवी रेघ दिसली तर तो नोड फक्त विनंत्या पुढे पाठवतो. तारा असलेला नोड सध्याचा निवडलेला मास्टर. या यादीची बदलाआधीची आणि नंतरची प्रत अर्जाला जोडा, क्लस्टरची प्रकृती हिरवी झाल्याची नोंद करा. नोड क्लस्टरमध्येच राहणार असेल तर 'अलोकेशन एक्स्क्लूड'मधलं त्याचं नाव काढल्याशिवाय रिक्वेस्ट बंद करू नका. ते तसंच राहिलं तर पुढे कधी त्याच नोडला पुन्हा डेटा भूमिका दिली तरी त्यावर एकही शार्ड येत नाही.