रोज एक जेवण मोकळं का? देशोदेशींच्या रस्त्यावरच्या खाण्याविषयी

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बऱ्याच जणांचं बोट एकाच ओळीवर थांबतं: ‘दुपारचं जेवण आपापलं’. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आमच्याकडून, मग मधलंच का नाही? ते आम्ही मुद्दाम मोकळं ठेवतो. एखाद्या शहरातली माणसं रोज काय खातात हे हॉटेलच्या बुफेत कळत नाही. ते कळतं गाडीसमोर, उभ्या उभ्या, हातात कागद धरून. त्या तासाचं चीज व्हावं म्हणून हे माहितीपत्रक.

रस्त्यावरचा पदार्थ मुळात घडला तो घाईत असलेल्या, खिशात मोजके पैसे असलेल्या माणसासाठी. गोदीतला हमाल, कारखान्यातला कामगार, बाजारातला विक्रेता हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. आणि बनवणारा पुष्कळदा दुसरीकडून येऊन तिथे वसलेला. म्हणून या पदार्थांत स्थलांतराचा इतिहास जितका स्पष्ट दिसतो तितका फार कमी ठिकाणी दिसतो.

एक सळई, दोन खंड

उभ्या सळईवर मांसाचे थर रचून ते विस्तवासमोर फिरवत भाजायचे आणि वरून पातळ काप काढायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात उस्मानी तुर्की साम्राज्यात रूढ झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेबनॉन भागातून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी ती सोबत नेली. तिथे मेंढीच्या जागी डुकराचं मांस आलं, मसाल्यात मेक्सिकोच्या मिरच्या आल्या, सळईच्या टोकावर अननस बसला आणि टाको अल पास्तोर तयार झाला. मेक्सिको सिटीत तो संध्याकाळनंतर खावा. सळई तेव्हा भरात असते.

त्या टाकोखालची मक्याची पातळ पोळी, म्हणजे टॉर्टिया, दुर्लक्षून चालणार नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग दळायचा, ही तिथली हजारो वर्षांची रीत आहे. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पीठ नीट मळलं जातं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला, ही रीत मात्र नेली नाही. म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये, विशेषतः उत्तर इटलीत, नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. रस्त्याकडेला बाई हाताने थापून टॉर्टिया भाजत असेल तर तिथेच थांबा. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसायादीत स्थान मिळालं, त्यातही मक्याचं महत्त्व मोठं आहे.

तीच सळई जर्मनीतही पोचली. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला, लाखो तुर्की कामगार आले आणि १९७० च्या दशकात बर्लिनमध्ये डोनर, म्हणजे सळईवरच्या मांसाचे हेच काप, पावात भरून, भरपूर कोबी आणि सॉस घालून हातात देण्याची चाल पडली. त्याच शहरात त्याआधी, सप्टेंबर १९४९ मध्ये, हेर्टा हॉयवर या बाईंनी सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालून करीवुर्स्ट विकायला सुरुवात केली होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात स्वस्त आणि गरम खाणं हवंच होतं. दोन्ही खाऊन बघा. आमची पसंती मात्र डोनरला.

व्हिएतनाम, थायलंड, सिंगापूर

पावाचा विषय निघाला आहे तर व्हिएतनामचा बान्ह मी आलाच. लांबट पाव, पाते (मांस वा काळीज वाटून केलेला मऊ लेप) आणि मेयोनीज फ्रेंच राजवटीतून आले. १९५४ मध्ये देश दुभंगल्यावर उत्तरेकडून सायगावला आलेल्या लोकांनी हे सगळं एका पावात भरून चालता चालता खाता येईल असं विकायला सुरुवात केली. त्यात गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, कोथिंबीर आणि मिरची असते. पावाचं कवच कुरकुरीत आणि आतला भाग हलका असतो. चाव्यागणिक आंबट, तिखट, तेलकट आणि ताजं एकदम लागतं. आमच्या मते जगातला सगळ्यात समतोल रस्त्यावरचा पदार्थ हाच.

शाकाहारींसाठी इथे एक पक्की खूण आहे. ‘चाय’ अशी पाटी दिसली तर ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी लोक मांसाहार टाळतात, तेव्हा अशी ठिकाणं सहज सापडतात. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरातली ‘जे’ ही खूण शोधा. तिथे माशाचा सॉसही वापरत नाहीत, कांदा-लसूणही नाही. एरवीच्या पाड थाईत, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवयांत, माशाचा सॉस आणि बऱ्याचदा सुकी कोळंबी असते, नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही.

पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांनी सुरुवात सिंगापूरपासून करावी असं आम्ही नेहमी सुचवतो. तिथल्या सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना रस्त्यावरून उचलून नळ, गटार, वीज असलेल्या हॉकर सेंटरमध्ये जागा दिल्या. खाणं तेच राहिलं, स्वच्छता आली. चिनी, मलय, भारतीय अशा पाककृती एकाच छपराखाली मिळतात. २०१६ मध्ये अशाच एका केंद्रातल्या सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकणाऱ्या गाळ्याला मिशलिनचा तारा, म्हणजे उत्तम खाणावळींना मिळणारा नामांकित मान, मिळाला, आणि २०२० मध्ये ही हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजा. ते उचलून बाजूला ठेवू नका.

शाकाहारींना न विचारताही चालेल असं

कैरोची कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी आणि छोले एका वाडग्यात, वर टोमॅटोचा झणझणीत सॉस, लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पोट भरतं आणि दुपारभर भूक लागत नाही. तिथलीच तामियाही घ्या, वालासारख्या बाकल्याच्या डाळीची हिरवीगार तळलेली वडी. शेजारच्या देशांत फलाफल छोल्यांचा असतो, इजिप्तमध्ये बाकल्याचा.

त्रिनिदादचे डबल्स, म्हणजे हळदीच्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये मसालेदार छोले, हेही असेच. करारावर ऊसमळ्यांत नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी ते घडवलं आणि आज सगळं बेट ते सकाळी खातं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधला बनी चाऊही भारतीय वस्तीतूनच आला: पावाचा तुकडा पोखरून त्यात रस्सा भरायचा. मटणाचा जास्त प्रसिद्ध असला तरी घेवड्याचा बनी चाऊ मिळतो, तो मागून घ्या.

जिथे विचारलंच पाहिजे

शाकाहारींची फसगत मांसाच्या पदार्थात होत नाही, बटाट्यात होते. बेल्जियमच्या टपऱ्यांवर बटाटे दोनदा तळतात, आधी मंद तेलात शिजवायला आणि मग कडक तेलात कुरकुरीत करायला. जगात इतके चांगले फ्राइज क्वचितच मिळतात. पण पारंपरिक टपरीवर ती चरबी गाईची असते. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशरमध्ये, फिश अँड चिप्सच्या दुकानांतही तेच. कॅनडातल्या पुटीनवरची, म्हणजे चीज घातलेल्या फ्राइजवरची, ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. कोरियाचं तोकबोकी नुसतं तांदळाच्या पिठाच्या कांड्यांचं दिसतं, मात्र त्याचं पाणी सुक्या माशांचं असू शकतं. जपानमधल्या ओसाकाच्या ताकोयाकीत, म्हणजे पिठाच्या भाजलेल्या गोळ्यांत, तर ऑक्टोपसच असतो. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ एवढंच विचारू नका. कशात तळलंय आणि रस्सा कशाचा आहे, हे दोन प्रश्न विचारा.

मोठ्या साखळ्यांविषयी थोडंसं. १९४८ मध्ये मॅकडोनाल्ड बंधूंनी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोतल्या आपल्या दुकानाची पदार्थयादी नऊवर आणली आणि स्वयंपाकघर कारखान्यासारखं बांधलं. आजच्या फास्ट फूडची घडी तिथे बसली. या साखळ्या प्रत्येक देशात थोड्या बदलतात, जपानमध्ये तर १९७४ पासून ख्रिसमसला केएफसीची कोंबडी खायची प्रथाच पडली आहे. अडीअडचणीला जरूर जा. पण मोकळं ठेवलेलं जेवण तिथे खर्ची घातलंत तर आम्हाला मनापासून वाईट वाटेल.

पोट सांभाळून

गाडी स्वच्छ दिसते की नाही यापेक्षा पदार्थ तुमच्यासमोर शिजतो की नाही हे बघा. वाफाळता, नुकता कढईतून निघालेला पदार्थ बहुतेक वेळा सुरक्षित असतो. कोमट होऊन पडलेला भात, कापून ठेवलेली फळं, उघड्या चटण्या आणि कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ यांच्यापासून लांब राहा. शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या खाली बराच वेळ राहिलं की जंतू वाढतात, आणि काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. स्थानिक लोकांच्या जेवणाच्या वेळी जा. रांग असलेल्या गाडीवर माल पडून राहत नाही. पैसे घेणारा आणि खाणं हाताळणारा हात वेगळा असेल तर फारच उत्तम.

पहिल्या दिवशी थोडंच खा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळींनी कच्चं मांस, मासे आणि शिंपले टाळावेत.

शेंगदाणे, तीळ, कोळंबी-शिंपले किंवा दूध यांची ॲलर्जी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. ज्या देशात जाणार त्या देशाच्या भाषेत, तुम्हाला काय चालतं आणि काय चालत नाही हे लिहिलेलं खिशात मावेल असं कार्ड आम्ही करून देतो. शाकाहारी मंडळींसाठीही ते बनतं, त्यात चरबी, माशाचा सॉस आणि रस्सा यांचा वेगळा उल्लेख असतो. गाडीवाल्याला ते दाखवा, तो वाचेल, आणि नाही चालणार असं म्हणाला तर त्याचे आभार मानून पुढच्या गाडीकडे जा. कार्डासाठी निघण्याच्या दोन आठवडे आधी कळवलंत तर ते तुमच्या तिकिटांबरोबरच हातात पडेल.